सासऱ्यांच्या ओळखीचा चेहरा

...आणि ते लोणी नव्हतं! पावाला चांगलं जाड लावलं, चहात बुडवलं, तोंडात कोंबलं, तेव्हा कळलं की ते मेण आहे. मेण, बदामतेल आणि गुलाबपाणी. चेहऱ्याला लावायचं. आणि बायको काय म्हणाली असेल? जीभ चिकटली का, पोटात ढवळतंय का... छे. "सगळं संपवलंत?" तुम्हाला सांगतो, बोलायची सोय नाही.

आमच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक सोडून सगळं चालायचं हो. काकडी आणली की डोळ्यांवर, मध आणला की गालांवर, दही हनुवटीवर, पपई कपाळावर, आणि माझ्या ताटात कोरडा भात! मिक्सरमध्ये कोरफड वाटायची आणि त्याच मिक्सरमध्ये माझं सूप. कडूजहर.

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटली, वाटतं बाईला सुरकुत्या जाव्यात. पण हिला आरशाची हौस कधी नव्हतीच. बँकेत कामावर जाताना केसांवरून कंगवा फिरवला की झालं. हे सगळं सुरू झालं ते सासरे आमच्याकडे राहायला आल्यापासून.

सासऱ्यांचं डोकं आता मागे मागे चाललंय. त्यांच्या लेखी मुलगी अजून कॉलेजात आहे. दुपारपासून खिडकीशी खुर्ची ओढून तिची वाट बघतात. संध्याकाळी ही दमून दार उघडते, तर अदबीनं उठून उभे राहतात आणि विचारतात, "बाई, माझी मुलगी दिसली का हो वाटेत?" पहिल्यांदा ही म्हणाली, "बाबा, मीच की." त्यांनी निरखून पाहिलं, आणि घाबरले हो... म्हणाले, अशी थट्टा करू नका, पोर लहान आहे माझी. त्या दिवशी ही बाथरूममध्ये नळ सोडून कितीतरी वेळ आत होती. बाहेर आली ती ठरवूनच, की चूक बाबांच्या डोक्याची नाही, आपल्या तोंडाची आहे.

आणि मी? टक्कल पडलं, पोट सुटलं, भुवया पिकल्या, पण मला बरोबर ओळखतात! "काय जावईबापू, आजही उशीर?" मुलगी कॉलेजात, मग जावई आला कुठून, हे विचारायचं नाही. बोलायची सोय नाही.

तर मेण वितळव, तेल ओत, घोटत बस, फाटलं की परत वितळव, असं करता करता मलम एकदाचं जमलं. चेहरा खरंच तुकतुकीत झाला, खोटं कशाला बोलू. मग एका रविवारी हिनं केस काळे केले, दोन वेण्या घातल्या, आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. मी दाराआड, श्वास रोखून. सासरे बघत राहिले... बघत राहिले... हसले.

"छान दिसताय, बाई. कुणी यायचंय का तुमच्याकडे?"

ही तिथंच खाली बसली, मलमाची डबी हातात तशीच. त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं, सालं निघालेली, भेगा पडलेल्या. बोटावर मलम घेतलं आणि चोळत राहिली, एकेक बोट, एकेक पेर. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "किती मायेनं करता हो. तुमचे वडील नशीबवान आहेत."

ही म्हणाली, "हं."

मी आत जाऊन पुसलेला ओटा परत पुसला.

तेव्हापासून गालांवरचे लेप बंद. आता मलम त्यांच्या हातांना. ही चोळत बसते, ते मुलीच्या गोष्टी सांगतात, हुशार आहे, हट्टी आहे, रडली की नाक लाल होतं, आणि ही ऐकते, जणू पहिल्यांदाच कळतंय. मी समोर बसून हिच्याकडे बघतो... दुसरं करणार काय?

परवा सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका, पण माझी मुलगी घरात नसताना परक्या बाईकडे असं टक लावून बघणं शोभत नाही."

बोलायची सोय आहे का? चुकलो म्हणालो. आता, तुम्हाला सांगतो, लग्नाच्या बायकोकडे मी चोरून बघतो.