पाळकांसाठी सहाजणी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक पाळक आणि त्यांच्या चर्चमधल्या, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या.

“मावशी, मी राजीनामा लिहिलाय. उपदेशाला उभा राहतो, पण आतून कोरडा पडलोय. प्रार्थनासुद्धा सुचत नाही.”

“मग काही दिवस नका करू. आम्ही करतोय ना.”

“आम्ही म्हणजे?”

“कारखान्यातल्या सहाजणी. वर्ष झालं, रोज मशीन सुरू करण्याआधी तुमचं नाव घेतो.”

“काय मागता? चर्च भरू दे म्हणून?”

“छे हो. तुम्हाला शांत झोप लागू दे म्हणून.”

पाळकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“आत्ता कराल, मावशी? इथंच?”

तेवढ्यात नर्सने मावशींना हाक मारली.

“पुढच्यांना घ्या, बाई,” म्हणत मावशींनी डोळे मिटले.

पुढचा नंबर माझा होता. मीही बसून राहिलो.