थट्टेच्या नात्यातला निरोप

(बुर्किना फासोतलं मोसी जमातीचं एक गाव. वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचे, मानतापाच्या म्हणजे मेंदूज्वराच्या साथीचे दिवस. म्हातारी झालिसा अंगणात बसली आहे, समोर सामो जमातीतला आरोग्यसेवक तोए उभा. आत तिची सून बिबाता तान्ह्याला घेऊन.)

झालिसा : माझ्या नाकात मानतापाचा जंतू? आणि सांगतंय कोण, तर कुत्र्याचं डोकं खाण्यासाठी आईबाप विकणाऱ्या सामोंचं पोर!

तोए : म्हातारे, थट्टा नाही ही. गेल्या आठवड्यात तुझ्या नाकातून काडी फिरवून नेली ना, तिच्यात सापडला.

झालिसा : मग तूच घातला असशील. माझ्या आज्याने तुझ्या आज्याला गुलाम ठेवला होता, त्याचा सूड.

तोए : गुलाम कोण होतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण आज...

झालिसा : बिबाता, ऐकलंस? सामोंशी आपलं पिढीजात थट्टेचं नातं. त्यांच्या तोंडचं एक अक्षर खरं मानायचं नसतं. आण बाळाला. नाक चोंदलंय त्याचं, तोंडाने ओढून काढते.

तोए : आजी, थांबा. तुम्ही त्याला तोंड लावू नका.

झालिसा : काय म्हणालास?

तोए : तुम्ही तोंड लावू नका.

झालिसा : सात वर्षांत पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणालास... बिबाता, बाळाला आतच ठेव.

तोए : ही थट्टा नाही, हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दाने सांगता येईना.

झालिसा : पण मला ना ताप, ना मान आखडलेली. काल तीन घागरी पाणी आणलं मी.

तोए : तसंच असतं ते. नाकाच्या मागच्या अंगाला ओलसर अस्तर असतं. त्याला हा जंतू बारीक आकड्यांनी धरून राहतो. बहुतेकांच्या नाकात काही आठवडे, काही महिने मुक्काम करतो, आणि कुणाला न दुखवता निघून जातो. या वाऱ्यात मात्र अस्तर सुकतं, दुबळं होतं. मग एखाद्याच्या नाकात तो ते भेदून रक्तात उतरतो आणि मेंदूच्या वेष्टनापर्यंत पोचतो.

झालिसा : शेजारची लामुसा गेली, तिच्या रक्तात उतरला.

तोए : हो.

झालिसा : आम्ही एका तुंब्यातून बाजरीचं पाणी प्यायचो रे. माझ्याकडून गेला तिला?

तोए : तुमच्याकडून तिला, की तिच्याकडून तुम्हाला, की तिसऱ्याच कुणाकडून दोघींना, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

झालिसा : नाही म्हण ना, मेल्या. एरवी तोंडाला येईल ते बोलतोस.

तोए : आज नाही बोलवत, आजी. ही गोळी माझ्यासमोर घ्या. दोन दिवस बाळाच्या तोंडाशी तोंड न्यायचं नाही.

झालिसा : आणि त्याचं नाक? सहा नातवंडांची नाकं मी अशीच मोकळी केली. दूध ओढता येत नाहीये त्याला.

तोए : बिबाताच्या काडीत काही निघालं नाही. ती करील.

बिबाता : मला नाही जमायचं, आई. जोरात ओढलं गेलं तर?

झालिसा : मी इथून सांगते. आधी दुधाचा थेंब सोड नाकात. सोडलास?

बिबाता : सोडला.

झालिसा : ओठ टेकव. आता ओढ, गरम पेज ओढतेस तशी. घाई नको. आलं?

बिबाता : आलं! पण किती रडतोय हो.

झालिसा : रडू दे. मोकळ्या नाकाचं रडणं आहे ते.