बोका अजून वर आहे

—छे छे, पाच कुठले, मला एक दे, एक. शून्य असेल तर शून्य लिही. ‘खेळताना अंतराळवीरांच्या सुरक्षिततेला तुम्ही किती महत्त्व देता’ – वा! पोरी, हा फॉर्म घेऊन तू किती खेळाडूंची घरं पालथी घातलीस? चाळीस? आणि चाळिसांनी छातीवर हात ठेवून ‘फार महत्त्व देतो’ म्हणून सांगितलं असेल – नाही? खोटारडे लेकाचे! मी त्यांची यानं बघतो ना रोज. कॉम्प्युटरवरचा खेळ तो केवढा – यान बांधायचं, उडवायचं, चंद्रावर टेकवायचं, आणि आत बसवायला ही इवलीशी माणसं, गोल डोक्याची, मरेपर्यंत दात काढणारी. आता यान जड झालं, उडेना, तर हे लोक पहिलं काय काढतात? इंजिन? नाही. टाकी? नाही. पॅराशूट! का, तर ते उतरताना लागणार, मग उतरताना बघू. आणि उतरताना काय बघतात? खड्डा बघतात. खड्ड्याचा फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात, खाली हसणारी तोंडं चिकटवतात.

मी? मी त्या सगळ्यांचा गुरू आहे बाई! शाळा सातवीपर्यंत – आठवीच्या मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला, ते आणि खुर्ची एकदमच उठले, तिथे माझं शिक्षण संपलं – पण रॉकेट जमलं मला. जावयानं जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, म्हणाला, ‘बाबा, पत्ते खेळत बसा.’ पत्ते! मी पहिल्याच महिन्यात सहा माणसं यानाच्या बाहेरच्या शिडीला लटकवून उडवली. वाळत घातलेल्या कपड्यांसारखी फडफडत गेली. ढगांपर्यंत तीन उरली होती, पुढे एकही नाही. व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, लोक लोळले हसून. ‘रॉकेटआजोबा’ हे नाव तेव्हाच पडलं, त्याच नावावरून तर तू मला शोधलंस. आणि माणसं काय, खेळात यादी असते नावांची – एक खोडलं की खालचं वर येतं. आमच्या ठेकेदाराच्या खिशातही अशीच यादी असायची… हे लिहू नकोस. हे खेळातलं नाही.

कोण, तो? स्क्रीनवर मागे फिरतोय तो? तो बोका. नाव मीच बदललं. चंद्राभोवती घिरट्या घालतोय, इंधन संपलं, परत यायचं नाही, पुढे जायचं नाही. आठ महिने झाले. चार यानं पाठवली त्याला आणायला – रिकामी हं, माणूस नाही बसवला एकातही. पहिलं चुकलं, दुसरं चंद्रावर आपटलं, तिसऱ्याचं मला आठवत नाही, चौथं दोनशे मीटरवर जाऊन थांबलं. दोनशे मीटर! दिसत होता मला, हात हलवत होता. त्यांचा हात आपोआप हलतो म्हणे, खेळातच तसं आहे. असेल.

बघ, आता तूही तेच बोललीस जे सगळे बोलतात – ‘आजोबा, मागचा साठवलेला खेळ उघडा ना, म्हणजे हे घडलंच नाही.’ माहीत आहे मला ते बटण. कुठे आहे तेही माहीत आहे. नाही दाबत. का म्हणजे? तुझ्या फॉर्मवर आहे का हा प्रश्न? नाही ना? मग झालं.

…बोका माझा मेव्हणा. होता. हिचा धाकटा भाऊ. कुठल्याही भोकातून आत शिरायचा म्हणून बोका. आम्ही दोघं एकाच ठेकेदाराकडे, कारखान्यांच्या तेलाच्या टाक्या धुवायचो. टाकी म्हणजे केवढी – हे घर उभं मावेल एवढी, आणि वर झाकण फक्त माणूस घुसेल एवढं. आत तो, गाळ उपसायला. वर मी, दोरी धरून. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी. एक झटका – ठीक आहे. दोन झटके – बादली ओढ. तीन झटके – मला ओढ. आत उतरायच्या आधी हवा तपासायचं यंत्र सोडायचं खाली, पाव तास लागतो त्याला. आम्ही सोडायचो? पोरी, ते पेटीतून बाहेर कधी आलंच नाही. तेच ते – उतरताना बघू.

आता मेव्हणा-मेव्हणा म्हटल्यावर थट्टा आलीच. बेटा आतून मुद्दाम तीन झटके द्यायचा. मी धावत, शिव्या देत, घाम फुटेपर्यंत ओढून वर काढायचो, आणि हा झाकणातून काळं तोंड वर काढून म्हणायचा काय? ‘दाजी, चहा आला का?’ मग मी कसला सोडतो – मी वरून तीन झटके द्यायला लागलो. तो तीन, मी तीन. शिवीला शिवी, तसं. टाकी कुठलीही असो, दिवसातून दोन-चारदा ठरलेलं. वरची बाकीची माणसं पोट धरून हसायची. टाकी धुवायचं काम असं आहे ना, हसलं नाही तर करवत नाही.

त्या दिवशी तीन आले. मी एक गोष्ट सांगत होतो चौघांना – एका जाड्या सुपरवायझरची – ऐन रंगात आली होती. मी न बघता तीन झटके परत दिले. पुन्हा तीन आले. हलके. मी म्हटलं, ‘बघा, नाटक कसं जमायला लागलंय बेट्याला!’ हे म्हटलं मी, पोरी. याच तोंडानं. सगळे हसले. गोष्ट पुरी केली, चहा संपवला, मग ओढली दोरी, तर जड लागली.

चौकशीला साहेब आले, विचारलं, ‘खूण दिली होती का त्यानं?’ मी म्हटलं, नाही. दोरी हललीच नाही. चौघांनीही तेच सांगितलं, ते माझ्याकडे बघून बोलत होते. साहेबानं लिहिलं – कामगाराने स्वतः खूण दिली नाही, निष्काळजीपणा. कामगाराचा.

अकरा वर्षं झाली. ही रोज सकाळी त्याचा फोटो पुसते, आणि पुसता पुसता त्याला झापते – ‘तीन झटके द्यायचे होते रे मुडद्या, तीनच! एवढंही जमलं नाही तुला?’ रोज. मी इथे बसून ऐकतो. सासूबाईही तेच म्हणत गेल्या, आमचं पोरगं बावळट म्हणून. आणि स्क्रीनवर त्याचं नाव वाचलं तेव्हा ही रडली, म्हणाली, ‘तुमच्याएवढी माया कुणी केली नाही त्याच्यावर.’ खुर्ची ओढून शेजारी बसते हल्ली, विचारते, आज आणणार का खाली?

फसलीस! बघ तोंड कसं झालंय! थाप होती गं, सगळी थाप. म्हाताऱ्याला काय, कुणी ऐकणारं मिळालं की रचतो काहीतरी, विचार गल्लीत कुणालाही… हस की. हसत का नाहीस? तो फोन उलटा ठेव आधी. रेकॉर्डिंग चालू आहे का त्यावर? राहू दे. राहू दे चालू, आता काय.

ती मागच्या दारी आहे, कुंड्यांना पाणी घालतेय. तिथपर्यंत नाही जात आवाज. नाही सांगितलं. कसं सांगू? तू सांग कसं सांगू – तू शिकलेली आहेस, चाळीस लोकांना प्रश्न विचारून आलीस. त्याला रोज बोलणी बसतात, ती माझी आहेत. मेलेला माणूस ऐकून घेतो म्हणून मी पण ऐकू देतो. एवढंच चाललंय या घरात अकरा वर्षं, बाकी सगळं छान आहे, चहा छान आहे, तू प्यायलीस.

आलीस? काही नाही गं, ही पोरगी बोक्याचं विचारत होती. हो, त्याच्याचबद्दल… नाही, आज यान नाही पाठवत. हात पूस तुझे. पूस, आणि इथे बस. अगं, बस म्हणतो ना.

पोरी, तू ऊठ. फॉर्मवर तुला वाटेल तो आकडा टाक. जाताना दार ओढून घे. – नाही, तू नाही गं, तू कुठे निघालीस? तू बस.