रोख असू द्या हो!

नाही, पण मी म्हणतो, मोबाइलचा टॉवर लावायचाच नव्हता तर भर समुद्रात बेट काढलंच कशाला?... हसू नका! जयपूरहून दोन विमानं आणि एक बोट बदलून अंदमानच्या त्या टीचभर बेटावर गेलो आम्ही, मी आणि आमची इंदुमती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून! आणि पंचवीस वर्षं त्या बाईची एकच इच्छा, काचेच्या तळाच्या बोटीत दोघांनी शेजारी बसून प्रवाळ बघायचं. दोघांनी! लक्षात ठेवा हं.

निघताना म्हणाली होती, "अहो, रोख असू द्या हो!" मला? बँकेच्या चौमूं शाखेचा मॅनेजर मी, भाजीवालीच्या गाड्यावर स्वतःच्या हाताने क्यूआर कोड चिकटवलेला माणूस, मला रोख? तुम्हाला सांगतो, असा संतापलो, असा संतापलो, की तिने तांदळाच्या डब्यात जपलेले वीस हजार मीच काढले आणि तिच्याच खात्यात भरून टाकले! वर पावती हातात दिली, सरप्राइज म्हणून!

आणि बेटावर? नारळवाला म्हणतो, "नेटवर्क नहीं है साहब, कैश दीजिए." रिक्षावाला तेच, खानावळवाला तेच. एटीएम अख्ख्या बेटावर एक, आणि त्यात काय? कुत्रं झोपलेलं! गारवा होता, नोटा नव्हत्या... "अहो, रोख असू द्या हो!" म्हणाली होती ना?

बोटवाला म्हणाला, एकेकाचे हजार. मी ओळखपत्र काढून ओरडलो, "मैं बैंक मैनेजर हूँ!" तर तो मेला शांतपणे म्हणतो, "फिर तो साहब, आपके पास कैश होगा ही!"

इंदुमतीने पाठ फिरवली, पोलक्यातली सेफ्टी पिन काढली, पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या. एकाचेच पैसे. आणि म्हणते काय, "तुम्ही जाऊन या." लाज वाटली हो, खरंच सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढकलून बसवली तिला बोटीत, आणि मी किनाऱ्यावर, हातात तिच्या चपला.

बोट लांब गेली, आणि खिशात फोन वाजला. नेटवर्क! गुडघाभर पाण्यात धावलो, "भैया, रुको!"... कुठला थांबतोय? मग मेसेज तरी बघावा म्हटलं. आमच्याच शाखेचा: "प्रिय ग्राहक, सफर में नकद की चिंता छोड़िए!"

चिडणार कुणावर? मजकूर मीच लिहिलेला.