लाल डबा उघडलाच नव्हता

(पाट्या रंगवायचं दुकान. पत्र्याचं छप्पर, दुपारचे दोन. लाकडी घोडीवर सहा फुटी बोर्ड, तळाचा भाग अजून अर्धा कोरा. हॉस्पिटलचा मॅनेजर वही घेऊन स्टुलावर बसलाय. पेंटर खुर्चीत. ब्रश पोरीच्या हातात.)

पेंटर : …तर पत्रा सटकला आणि अंगठ्याजवळ कापलं. एवढंसंच. त्यावर पट्टी मारली आणि पुढचं काम घेतलं. लिहिलंत?

मॅनेजर : लिहिलं. 'तातडीने प्राथमिक उपचार केले.'

पोरगी : कसले उपचार? रंग कडेला पसरू नये म्हणून बोर्डाला लावतो ना, ती पट्टी. आधी गंजका पत्रा, मग थिनरचं फडकं, वर ती पट्टी. तीन दिवस तीच.

पेंटर : चांगली चिकटते ती.

पोरगी : बोर्डाला चिकटते, बाबा.

मॅनेजर : हे बघा, मनोगत दोन मिनिटांचं आहे. ट्रस्टींची खास इच्छा आहे की सेप्सिसमधून उठलेल्या माणसानंच सेप्सिसचा बोर्ड करावा आणि त्यानंच चार शब्द बोलावेत. फोटो चांगला येतो. तेव्हा पट्टी वगैरे नको. पुढं?

पेंटर : पुढं तिसऱ्या दिवशी मनगटापासून वर एक लाल रेघ दिसली. म्हटलं, रंग ओघळला.

मॅनेजर : रंग?

पेंटर : साहेब, तीस वर्षं झाली, या हातावर रंगच बघतोय. दुसरं काय वाटणार? थिनरनं पुसली. गेली नाही. म्हटलं, माल चांगला आहे.

पोरगी : अर्धा तास घासत बसले होते. मी विचारलं, काय घासताय? म्हणे लाल रंग. आता त्या आठवड्यात आमच्याकडे एकच काम होतं, शाळेच्या पाट्या. सगळ्या निळ्या. लाल डबा उघडलाच नव्हता.

मॅनेजर : वा. 'मुलीच्या समयसूचकतेमुळे.' शिकतेस काय तू?

पोरगी : नववीत सोडली.

मॅनेजर : अरेरे.

पोरगी : निळा आणि लाल त्याच्या आधीच शिकून झालं होतं.

पेंटर : तिच्या तोंडी लागू नका साहेब. टोचणीबाई म्हणतो मी तिला. उगाच नाही म्हणत.

पोरगी : मग मी पेन्सिल घेतली. लाल जिथं संपत होतं तिथं दंडावर आडवी रेघ मारली, बाजूला वेळ लिहिली. अकरा. एक वाजता बघितलं तर लाल माझ्या पेन्सिलीच्या रेघेच्या चार बोटं पुढं. यांना दाखवलं. काय म्हणाले असतील?

मॅनेजर : घाबरले असतील.

पोरगी : म्हणाले, रेघ वाकडी आहे.

पेंटर : वाकडीच होती.

पोरगी : मग अंग थंडगार पडलं. दात वाजायला लागले. ब्रश चहात बुडवून ढवळायला लागले. आणि मला म्हणाले, ताई, आईला सांगू नकोस हं. ताई म्हणजे माझी आत्या. आई म्हणजे आजी. आजी जाऊन बारा वर्षं झाली.

पेंटर : ते मला आठवत नाही.

पोरगी : मला आठवतं ना.

मॅनेजर : मग तुम्ही त्वरित हॉस्पिटल गाठलंत.

पोरगी : गाठलं. खिडकीवर माणूस म्हणाला, जेवणाची सुट्टी आहे, केसपेपर अर्ध्या तासानं.

मॅनेजर : कुठलं हॉस्पिटल हो हे?

पोरगी : तुमचंच.

मॅनेजर : हां. हे मनोगतात नको.

पोरगी : मग मी यांचा हात धरला आणि खिडकीतून आत घातला. बरोब्बर त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी. तो ओरडला. त्याचं ओरडणं ऐकून आतनं एक नर्स आली. तिनं पेन्सिलीची रेघ बघितली आणि एकच विचारलं, ही किती वाजता मारली? त्यानंतर कुणी केसपेपर मागितला नाही.

मॅनेजर : 'रुग्णालयाची तत्पर सेवा.'

पेंटर : अकरा दिवस आत होतो. चार दिवसांचं तर काहीच माहीत नाही. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं म्हणे सगळं. प्रेशर पार खाली. किडनी संपावर. हे बोट काळं पडलं, ते काढलं.

पोरगी : हे म्हणून दाखवू नका, बाबा. आहे कुठं ते?

पेंटर : बघा. म्हणून आता हात तिचा आणि नजर माझी. ए, ती वरची ओळ डावीकडे झुकलीय.

पोरगी : नाही झुकली. तुम्ही झुकलाय.

मॅनेजर : ओळ राहू दे, मजकूर बघू. वरती हॉस्पिटलचं नाव. छान. अध्यक्षांचं नाव. मग उपाध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे, प्रमुख पाहुण्यांच्या सौभाग्यवती… या का लहान?

पोरगी : जागा संपली.

मॅनेजर : मग तळाची वीतभर जागा सोडलीय ती?

पोरगी : ती आजाराची आहे. बोर्ड आजाराचा आहे ना?

मॅनेजर : एवढी लागते? सहा ओळी तर आहेत. बोटभर उंचीच्या बसतील की.

पोरगी : बोटभर नाही, नखाएवढ्या. मारल्यात बघा चार. तिसरी ओळ कुणी लिहून दिली? 'मूत्रोत्सर्जनाच्या प्रमाणात घट.'

मॅनेजर : मीच. का?

पोरगी : हे वाचून कुणाला कळणार?

मॅनेजर : सुशिक्षित माणसाला कळेल.

पोरगी : सुशिक्षित माणूस लघवीला जात नाही का? सरळ लिहू या ना, लघवी कमी होणे.

मॅनेजर : अगं, वर अध्यक्षांचं नाव आहे. त्याच्या खाली लघवी कशी लिहायची?

पेंटर : साहेबांचं बरोबर आहे. चारचौघांत लावायचा बोर्ड आहे. काही गोष्टी अशा उघड्यावर… बरं नाही दिसत.

पोरगी : आणि पाचवी? 'संभ्रमावस्था.' मला वाटलं हे पण पाहुण्यांपैकीच कुणी.

मॅनेजर : पेंटर, हिला आवरा. चारला कार्यक्रम आहे. बोर्ड न्यायला टेम्पो बोलावलाय, दारात उभा आहे तो. पडद्याची दोरी ओढायची, टाळ्या, तुमचं मनोगत, फोटो. बरं, घाम फार आलाय तुम्हाला. स्वेटर काढा की. भट्टी झालीय इथं.

पेंटर : राहू दे. ऊब बरी वाटते.

पोरगी : सकाळपासून सांगतेय मी. या पत्र्याखाली मला रंग ढवळवत नाही आणि हे स्वेटर घालून बसलेत.

पेंटर : नवीन आहे. फोटोत चांगला दिसेल.

पोरगी : मग घाम कसला? आणि जिना चढल्यासारखं काय श्वास घेताय? खुर्चीत तर बसलाय.

पेंटर : बोलतोय ना मघापासून. मनोगत म्हणजे काय सोपं असतं?

मॅनेजर : टेन्शन असेल स्टेजचं. आमचे अध्यक्ष सुद्धा घामेजतात.

पोरगी : पाणी देऊ?

पेंटर : नको.

पोरगी : सकाळपासून घोट नाही घेतलात. तांब्या भरलेला तसाच आहे.

पेंटर : तहान नाही म्हटलं ना. साहेब, त्या सचिवांच्या आडनावाला जरा पिवळी सावली देऊ. उठून दिसेल. ताई, तो बारीक ब्रश दे.

पोरगी : काय म्हणालात?

पेंटर : बारीक ब्रश. तीन नंबरचा.

पोरगी : त्याच्या आधी काय म्हणालात?

पेंटर : कुठं काय?

पोरगी : साहेब, तुम्ही ऐकलंत. काय म्हणाले?

मॅनेजर : ताई म्हणाले. माणूस प्रेमानं म्हणतो गं मुलीला.

पोरगी : मला सतरा वर्षांत एकदाच म्हणालेत. बाबा, हात बघू. दुसरा. बाही वर करा.

पेंटर : काही नाही तिथं. कापलं नाही, खरचटलं नाही. बघ, कुठं लाल आहे?

पोरगी : नाही. कुठंच नाही.

पेंटर : मग झालं.

पोरगी : अंग कसलं तापलंय तुमचं. आणि बोटं बर्फासारखी. बाबा, सकाळपासून संडासाकडं गेला नाहीत तुम्ही. मी इथंच आहे, दार दिसतंय मला. लघवीला शेवटचं कधी गेलात?

पेंटर : साहेबांसमोर काय विचारतेस?

पोरगी : कधी?

पेंटर : रात्री. थोडीशी.

पोरगी : जळजळ होते?

पेंटर : …चार दिवस झाले.

पोरगी : चार दिवस. आणि बोलला नाहीत.

पेंटर : तुला काय सांगणार? पोरगी तू. तुझ्या आईला सांगणार होतो, ती कामावरून येते तीच मोडून आलेली असते. पाणी कमी प्यायलो की जावंच लागत नाही, म्हणून…

पोरगी : म्हणून पाणीच बंद. व्वा. तिकडं चिकटपट्टी, इकडं हे. सोडताना डॉक्टर काय म्हणाले होते? जखमच लागते असं नाही. छाती, दात, लघवी, आत कुठूनही सुरू होतं. आणि एकदा होऊन गेलेल्यानं तर जास्तच जपायचं. तुम्ही मान हलवत होता तेव्हा. मला वाटलं ऐकताय.

पेंटर : ते या बोटाबद्दल बोलतायत असं वाटलं मला.

पोरगी : उठा. चप्पल घाला.

मॅनेजर : एक मिनिट, एक मिनिट. घाईत काही करू नका. थकवा असेल. आता सव्वादोन. ते जरा आडवे पडू देत. चारला दोन मिनिटं स्टेजवर येतील, खुर्ची देऊ आपण, आणि कार्यक्रम झाला की तिथंच दाखवू. सगळे डॉक्टर पहिल्या रांगेतच आहेत.

पोरगी : फोटो झाल्यावर.

मॅनेजर : तसं नाही गं. पण हे सेप्सिस कशावरून? तू काय डॉक्टर आहेस?

पोरगी : नाही. पण बोर्ड तुमचा आहे. वाचा.

मॅनेजर : काय वाचू?

पोरगी : खाली, नखाएवढं आहे ते. वाचा की. तिथनंच वाचा.

मॅनेजर : इथून… नाही लागत.

पोरगी : दोन पावलांवर आहात.

मॅनेजर : चष्मा लांबचा नाही आणलेला.

पोरगी : मग वाका. अजून. गुडघे टेकले तरी चालेल, रंग वाळलाय.

मॅनेजर : हां. 'एक. तीव्र ज्वर अथवा शरीर थंड पडणे, कंप.'

पोरगी : स्वेटर बघा.

मॅनेजर : 'दोन. श्वसनाचा वेग वाढणे.' …हं. 'तीन. मूत्रोत्सर्जनाच्या…' हं. 'चार. नाडी जलद.'

पोरगी : पाच अजून लिहायचीय. ती तुमच्या वहीत आहे.

मॅनेजर : संभ्रमावस्था.

पोरगी : सोप्या भाषेत सांगू? मला ताई म्हणाले.

मॅनेजर : आणि सहावी… 'यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.'

पोरगी : ही पण तुम्हीच लिहिलीय ना?

मॅनेजर : हो. कुठूनतरी उतरवली.

पोरगी : टेम्पो दारात आहे म्हणालात.

मॅनेजर : तो बोर्डासाठी आहे. मग बोर्ड कसा—

पोरगी : बोर्डाला ताप नाही.

पेंटर : अगं, साहेबांचा कार्यक्रम आहे. दोन तासांचा तर प्रश्न आहे. असं कुणाला तोंडघशी पाडू नये.

पोरगी : मागच्या वेळी रेघ मारली होती मी. दोन तासांत चार बोटं गेली. या वेळी रेघ कुठं मारू, सांगा? कुठं मारू? बाहेर काहीच दिसत नाही.

पेंटर : …रडू नकोस.

पोरगी : रडत नाही. थिनर आहे.

मॅनेजर : ए ड्रायव्हर. पुढची सीट मोकळी कर. हो, बोर्ड नाही, माणूस आहे. पेंटर, या खांद्यावर हात टाका. हळू. मी इमर्जन्सीला फोन लावतो… हां, मी मॅनेजर बोलतोय. पेशंट आणतोय. सेप्सिस वाटतंय. केसपेपर? अरे, तो मागनं काढ. हो, मीच सांगतोय. हो, मी. जेवण झाल्यावर नाही, आत्ता.

पोरगी : मागच्या वेळी हे वाक्य ऐकायला मिळालं असतं तर.

मॅनेजर : मनोगताचं बघू नंतर.

पोरगी : मीच बोलते मनोगत. खिडकीपासून सुरू करते.

मॅनेजर : आधी यांना नेऊ या.

पेंटर : टोचणीबाई.

पोरगी : हां, आता बरोबर हाक मारलीत. बोलू नका. धाप लागतेय. पाय वर घ्या.

पेंटर : ती नावं… वरची. ती खाली घे. बारीक कर.

मॅनेजर : ती कशाला, पेंटर? अध्यक्ष काय म्हणतील?

पेंटर : म्हणू दे. साहेब, दोन पावलांवरून तुम्हाला लागलं नाही. बोर्ड रस्त्यावर लावायचाय ना?

मॅनेजर : हो, रस्त्यावरच.

पोरगी : ऐकलंत ना साहेब? बरं बाबा, करते. सगळं करते. आता गप्प बसा.

पेंटर : आणि लघवीच लिही. रस्त्यापलीकडून दिसेल अशी.