आरपार गेलेली डहाळी

सासरे : ...तेव्हाच बजावलं होतं, बोनसायची कुंडी खाली ठेवू नकोस, पोरगी धरून उभी राहायला लागलीय.

सून : बजावलं होतं, बाबा. मीच म्हटलं, तिचा हात तिथवर पोचत नाही.

सासरे : पोचला! चोवीस वर्षं जोपासलेली फांदी एका हिसक्यात गेली.

सासू : अहो, दीड वर्ष झालं त्याला. पोरगी आता घरभर पळतेय, तुमची गाडी अजून तिथेच!

सासरे : झाडाची डावी बाजू भुंडी झाली, ते तुला काय कळणार?

सासू : नाहीच कळत. हिने त्याच डाळिंबाची डहाळी घेतली आणि त्याच्याच खोडात भोक पाडून घुसवली! ही कुठली विद्या?

सासरे : मोठी विद्या आहे. डहाळी झाडावरून न तोडता उजवीकडून घालायची, डावीकडे काढायची. आत खोडाशी जुळली की उजवीकडून तोडायची. आधीच तोडली, तर डहाळी वाळते आणि खोडाला भोक उरतं ते वेगळंच. माझ्या तीन गेल्या अशा. म्हणून म्हणतो, अजून वर्षभर हात लावायचा नाही.

सून : बाबा, हे दोरे बघा.

सासू : अगं, हे माझ्या रिळाचे!

सून : हो, आई. दर रविवारी दोन. डहाळी आत शिरते तिथला घेर लाल दोऱ्याने मापला, बाहेर पडते तिथला पांढऱ्याने. लाल आहे तेवढाच आहे. पांढरा चार महिने वाढतोय.

सासरे : आण इकडे. ...नखभर लांब आहे गं! म्हणजे डावीकडचं टोक खोडातून खायला लागलं.

सून : मलाही तसंच वाटलं.

सासरे : वाटू दे. वाटण्यावर कात्री चालवायची नसते.

सून : बाबा... डहाळीला उजवीकडे गुंडाळलेली पट्टी सोडा जरा.

सासरे : का? ...हे काय? तोडलीस?

सून : पंधरा दिवस झाले.

सासू : अगं बाई! आणि मला बोलली नाहीस?

सून : तुमच्या पोटात काय राहतं, आई?

सासरे : मला न विचारता?

सून : विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, आणि मी ऐकलं असतं. तुम्ही तर दीड वर्ष या झाडाकडे पाठ करून चहा घेताय, ते मला बघवेना. पहिले तीन दिवस तासातासाला येऊन पानं मोजत होते. पण एका पानाने मान टाकली असेल तर शपथ!

सासरे : शेंड्याला लाल पालवी आहे.

सून : काल फुटली.

सासू : मग डोळे का पुसताय?

सासरे : तुझ्या फोडणीचा ठसका.

सासू : गॅस पेटवलेला नाही अजून!

सासरे : बरं, नाही तर नाही! अगं, पहिल्या फटक्यात जमवलंय पोरीने! मला जन्मात नाही जमलं. त्या समोरच्या बोनसायवाल्या मास्तरांना हाक मार, म्हणावं चष्मा घेऊन या! सूनबाई, ड्रिल काढ. ते लिंबाचं झाडही एका अंगाने रिकामंच आहे.

सून : आत्ता?

सासरे : आत्ता. मी कुंडी धरतो. भोक कुठे पाडायचं?

सून : तुम्ही सांगा ना.

सासरे : छे. तू सांग.

सून : ...इथे. या गाठीच्या वर. घट्ट धरा, बाबा. आई, पोरगी आत एकटी खेळतेय. जरा बघून येता? मला आता ड्रिल सोडता येणार नाही.