मार्जोरीच्या पोटावरचे ठिपके

मी, नोहेआ काहालेवाई, वय ५६ वर्षे, धंदा होडीची कप्तान, राहणार केआउहोऊ बंदर, हवाई बेट, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी रोज सूर्यास्तानंतर पर्यटकांना मांटा मासे दाखवायला नेते. पाण्यावर दिव्यांची फळी तरंगते. तिला धरून मंडळी पालथी पडून राहतात आणि उजेडाला जमलेले जीव खायला मांटा खालून येतात. काइपो माझा वाटाड्या. मांटाच्या पोटावरचे ठिपके एकीचे दुसरीला नसतात. नवी मांटा ज्याला प्रथम दिसेल त्याने तिचे बारसे करावे, अशी आमची रीत आहे. बहुतेक लोक स्वतःचेच नाव ठेवतात. नाव, तारीख व बारसे करणारी व्यक्ती यांची नोंद वहीत होते.

काल रात्री आठच्या सुमारास फळीला श्री. रसेल लुंडक्विस्ट व त्यांच्या पत्नी सौ. मार्जोरी होत्या. आम्ही दोघेही हवाईत प्रथमच येतोय, असे श्री. लुंडक्विस्ट यांनी होडीत तीनदा सांगितले. तिन्ही वेळा सौ. लुंडक्विस्ट पाण्याच्या चष्म्याचा पट्टा नीट करत होत्या.

पाण्यात काइपो ओरडला, "मावशी, मार्जोरी आली गं! पोटुशी दिसतेय! रोज रात्री येते माझ्याकडे. दिवा दाखवला की लगेच उताणी!"

श्री. लुंडक्विस्ट यांनी श्वासाची नळी काढून त्याच्या डोक्यात चार फटके मारले.

"अहो साहेब, मी माशाबद्दल बोलतोय!"

"माझ्या बायकोला मासा म्हणतोस?"

या अवधीत मांटाने सुरेख कोलांट्या घेतल्या. त्या कोणी पाहिल्या नाहीत.

काइपोने पत्नीची अब्रू काढली, अशी श्री. लुंडक्विस्ट यांची तक्रार आहे. ती टिकल्यास काइपोचा परवाना जाईल. मांटाचे नाव खरोखर मार्जोरी आहे हे दाखवण्यासाठी मी आज सकाळी वही ठाण्यात आणली. बाहेरच्या बाकावर सौ. लुंडक्विस्ट यांनी ती पाहायला मागितली. मांटा मार्जोरीच्या बारशाची नोंद असलेले गेल्या मार्चचे पान उघडून त्या बराच वेळ बसल्या. गेल्या मार्चमध्ये त्या ओहायोला बहिणीकडे होत्या, असे त्यांनी मला सांगितले. मी विचारले नव्हते. थंडी असेल तिकडे, एवढेच मी म्हणाले.

मग त्या आत जाऊन यजमानांशी बोलल्या. तक्रार मागे घेतल्याचे आपण मला कळवलेत. वही दाखवण्याची आता गरज नाही. मार्चचे पान तिच्यात नाही. ते कधी निघाले ते मी पाहिले नाही; त्या वेळी मी समुद्राकडे पाहत होते.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तेवढा बरोबर आहे.